कोरा ठेवायचा रकाना

प्रिय रेहाना,

कुलपाला हात न लावता तुझे अब्बा फाटकाच्या गजांतून आत पाहत होते. मी मागे उभी होते. बाबाच्या ठाण्यावरचा दिवा विझून नऊ दिवस झाले. वाद मिटेपर्यंत कोणी आत जायचं नाही, अशी नोटीस फाटकावर आहे. एका अर्जात ही समाधी आहे, दुसऱ्यात मजार.

माझ्या प्रबंधासाठी आपण दोघी तुझ्या स्कुटीवरून देवळालीहून इथे यायचो. तेल गोजरबाईंच्या घरचं, वात तुमच्या घरची. एका घरानं दिवा लागतच नसे. दर्ग्यांना जाणाऱ्या लोकांवर मी ढीगभर वाचलं होतं. हे कुठे वाचलं नव्हतं.

तरी माझ्या तक्त्यात एक रकाना होता : आत कोण आहे? गोजरबाई हसल्या होत्या. "बाबानं माजी जात कंदी इचारली न्हाई, मी त्याची कशाला इचारू? तुला लईच घाई आसंल तर आत जाऊन तूच इचार." अब्बाही नुसतं 'बाबा' म्हणाले. सगळेच तेवढं म्हणाले. मार्गदर्शकांना ते चालेना. मग एका दुपारी सावेडीतल्या घरी बसून मी रकाना भरला. आडनावं पाहून. गोजरबाईंपुढे समाधी, अब्बांपुढे मजार. एकशे बारा माणसं. तू म्हणाली होतीस, कोरा ठेव. पुढे तू लग्न होऊन धुळ्याला गेलीस आणि मला पदवी मिळाली.

काल कचेरीत दोन्ही अर्ज पाहिले. दोन्हींना तोच तक्ता जोडलाय.

तो माझा, हे अब्बांना ठाऊक नाही. आज त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा दिला. म्हणाले, "बेटा, तू शिकलेली हाय. सायबाला सांग, हितं कुनी कुनाला इचारत न्हवतं." सोमवारी मी जबाब देणार आहे : उत्तरं लोकांची नव्हती, माझी होती. पदवी जाईल, कदाचित नोकरीही. ते जमेल. अब्बांसमोर मात्र तोंड उघडलं नाही. माझ्याआधी तू त्यांना सांगशील का, एवढं विचारायला हे लिहिलं.

तुझीच, पूर्वीसारखी म्हणवत नाही,
आराधना

ता. क. आता तू सांगायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले आणि स्वतःच सांगितलं. अब्बा वात वळत होते, वळत राहिले. गोजरबाई तेल घेऊन आल्या. दोघांनी फाटकाबाहेर, रस्त्यावर दिवा लावला. मला चहा कोणी विचारला नाही.