पाचवा वन्स मोअर

रवि., २ नोव्हेंबर

‘चुलीपुढची शाळा’ला पाचपैकी पाच वन्स मोअर. एकमताने. गौतमदादांनी आमच्या शेवंताबाईंच्या चाहत्यांच्या ग्रुपवर ढोलाची एवढी चित्रं टाकली की वरचं वाचायला जाताना अंगठा दुखला.

मी पाच देणारच होते. ही कॅसेट पप्पांनी आणलेली तेव्हा मी सातवीत. बी साइडला टेप एका जागी चुरगळलेली होती, तिथे शेवंताबाईंचा एक शब्द गिळला जायचा. परवा तेच गाणं मोबाइलवर स्वच्छ ऐकलं. शब्द ‘पाटी’ आहे. मी इतकी वर्षं तिथे ‘माती’ म्हणत आलेय. कोणी टोकलंही नाही.

बाईंचा एकेक अल्बम ऐकून गुण म्हणून वन्स मोअर द्यायचे, असं चाललंय; आता शेवटचा राहिला, ‘उरलंसुरलं’. अकरा वर्षांनी बाई गायल्यात. त्यांच्या मुलीने, मायाने, इंटरनेटवर टाकलाय. परीक्षण माझ्या गळ्यात पडलं. गौ.दा. म्हणाले, “ताई, तुम्ही कानाच्या माणूस. तुम्हीच लिहा.” कान-नाक-घशाच्या दवाखान्यात मी पेशंटचे कान तपासते, म्हणून माझा कान चांगला, असा त्यांचा हिशोब. एसटीत कंडक्टर होते, सगळ्यांना जागा नेमून द्यायची सवय गेली नाही.

३० तारखेला टिटवाळ्याच्या नव्या विहाराचं उद्घाटन. तिथे बाई समोर बसून गाणार.

मंगळ., ४

दोनदा ऐकला. सकाळी डबे भरताना एकदा. मग दवाखान्यात, तपासणीच्या बंद खोलीत, हेडफोन लावून. त्या खोलीत बाहेरचं काहीच येत नाही. तिथे नको होता ऐकायला.

पट्टी खाली घेतलीये. पहिली तीन गाणी इतकी जमलीत की मी एकटीच ‘वा’ म्हटलं. चौथ्यात ‘उजेड’ या शब्दावर बाई वर चढतात, आणि तिथे आवाज… फाटत नाही. विरतो. नुसती हवा येते. बरोबर त्याच जागी पेटी मोठी केलीये.

असे आवाज रोज ऐकते मी. काउंटरपलीकडून नाव सांगतात ना लोक, तेव्हा.

हे नाही लिहिणार.

शनि., ८

परीक्षण दिलं पाठवून. इथे उतरवून ठेवते:

“बाईंनी पट्टी उतरवली आहे. त्या खालच्या पट्टीत बाईंचा आवाज आता पूर्ण बसलाय. चाल आणि गळा वेगळे काढता येत नाहीत.” पुढे गाण्यांबद्दल वीसेक ओळी. चौथ्याबद्दल फक्त ‘शब्द सुंदर’. चार व.मो.

प्राची खांद्यावरून वाचत होती. “मम्मी, एक कुठे कापलास?” म्हटलं, तू अभ्यास कर.

रवि., ९

अरे देवा. देवाला मानत नाही तरी हेच आलं तोंडात.

गौ.दा.नी माझ्या परीक्षणातलं एकच वाक्य उचलून त्याचं चित्र केलं. बाईंचा फोटो, मागे निळा रंग, वर पिवळी अक्षरं: ‘बाईंचा आवाज आता पूर्ण बसलाय.’ खाली: ‘सौ. सुनंदा, कान-नाक-घसा दवाखाना, कल्याण.’

‘त्या खालच्या पट्टीत’ हे शब्द मावले नाहीत म्हणे.

तालीम झाली की गाणं बसलंय म्हणतो ना आपण, मला तसं म्हणायचं होतं. पण घशाच्या दवाखान्याच्या नावावर ‘आवाज बसलाय’ लिहिलं तर दुसरा काय अर्थ निघणार? लगेच फोन केला. गौ.दा. हवेत.

“अहो ताई, किती वजन आलंय वाक्याला!”

“दादा, लोक समजतील बाईंचा आवाज गेला.”

“छे छे. आपल्या माणसांना कळतं.”

संध्याकाळी आपल्याच माणसांपैकी विठ्ठलवाडीच्या एकाने विचारलं, बाईंच्या घशाचं ऑपरेशन कधी आहे?

चित्र काढायला लावलं. तोवर पाच-सहा ग्रुपांवर गेलेलं.

सोम., १०

डॉक्टरसरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट. दवाखान्यात दोन फोन आले होते, बाईंना काय झालंय विचारायला.

“सुनंदा, आपण कोणाच्या घशाबद्दल बाहेर बोलतो का?”

“सर, त्या आपल्या पेशंट नाहीत.”

“मग तर कमालच आहे. न तपासताच रिपोर्ट दिलात.”

एका आजोबांचा डावा कान दोनदा तपासला. चौदा वर्षं झाली इथे. काढून टाकतील का? ह्यांना सांगितलं नाही, ते लगेच उपाय सांगायला लागतात.

बुध., १२

गौ.दा.नी खुलासा टाकला. “आवाज बसलाय म्हणजे बसलेला नाही, तर बसलाय. कृपया गैरसमज नसावा.”

हसू आलं आणि मग रडू.

मग मी स्वतः लिहिलं. ‘बाईंचा आवाज उत्तम आहे. माझ्या वाक्याचा अर्थ गाण्यात बसलाय असा होता. आवाजाला काहीही झालेलं नाही.’ शेवटचं वाक्य लिहिताना अंगठा थांबला होता. तरी पाठवलं.

गौ.दा. सोडून टिटवाळ्याचे बाकीचे आयोजक म्हणतायत की सोबतीला अजून एक गायिका असू दे, ऐन वेळी अडायला नको. म्हणजे बाईंनी दोन गाणी म्हणायची आणि खुर्चीत बसायचं. माझ्या एका शब्दामुळे.

शुक्र., १४

झोप नाही, भूक नाही. प्रा. म्हणते, “मम्मी, तू काय मर्डर केलायस का?”

खरं लिहायची जागा ही एकच. मला ‘गाण्यात बसलाय’ म्हणायचं होतं, हे खरं. पण लिहिताना माझ्या कानात चौथं गाणंच होतं. तो ‘उजेड’. दुसरे शब्द सुचले असते, मुरलाय, रुळलाय. ‘बसलाय’च का आलं? मनात जे दाबलं तेच बोटातून उतरलं की काय. माझं मलाच कळत नाहीये मला काय म्हणायचं होतं.

रवि., १६

विठ्ठलवाडीला गेलेले, बाईंची माफी मागायला. गौ.दा. सोबत. हातात डझनभर केळी, कारण त्यांच्या मते माफीला रिकाम्या हाती जात नाहीत.

दार मायाने उघडलं. ‘या’ म्हणाली, ‘बसा’ नाही म्हणाली. बाई आतून आल्या. इतक्या लहानखुऱ्या असतील असं वाटलं नव्हतं. केस पांढरेशुभ्र. आम्ही जय भीम केला, त्यांनी हात जोडले. चहा स्वतः केला. गौ.दा. शब्दांचे अर्थ समजावत बसलेले, बसणे या क्रियापदावर त्यांनी चहा गार केला.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज हळू. मुद्दाम हळू की…?

“तू कान तपासतेस ना गं?”

“हो बाई.”

“मग चौथं गाणं ऐकलंस की नाही?”

“ऐकलं.”

“चार वन्स मोअर दिलेस म्हणे. पाचवा कुठे ठेवलास?”

मी कपात बघत राहिले. गौ.दा.च बोलले, “अहो बाई, पाचच आहेत ते, टायपिंगमध्ये चुकलं.” बाई हसल्या नाहीत. निघताना माझ्या हातावर त्यातलीच दोन केळी ठेवली. “मुलीला दे.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. समोर विचारत होत्या.

मंगळ., १८

दवाखान्याच्या भिंतीवर मीच चिकटवलेला कागद आहे. ‘तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल तर तपासून घ्या.’ खाली चिकटपट्टी सुटलेली, आज परत लावली.

रेकॉर्डिंग कधीचं आहे? अल्बम येऊनच महिना झाला. म्हणजे त्याआधीचं. आणि मी गावभर लिहून मोकळी, आवाजाला काहीही झालेलं नाही.

काही नसेलही. साधी सूज असेल, वय असेल. असंच असतं बहुतेकांचं. बहुतेकांचं.

गुरु., २०

धीर करून मायाला फोन लावला. म्हटलं, बाईंना एकदा घसा दाखवायला आण.

“ताई, आधी आवाज बसलाय. मग नाही बसला. आता डॉक्टरला दाखवा. एकदा काय ते ठरवा ना तुम्ही.”

“माया, ऐक तरी…”

“तुमच्या त्या फोटोपासून आई घरात गुणगुणत पण नाही. चाळीतली पोरं विचारतात, आजी तुमचा आवाज गेला ना? दहा दिवसांवर कार्यक्रम आहे. तो होऊ द्या आधी.”

फोन ठेवला तिने. बरोबरच आहे तिचं. सगळंच बरोबर आहे तिचं, तेवढं एक सोडून.

रवि., २३

‘उरलंसुरलं’ची मतं आली. अडतीस जण, सदतीस जणांचे पाच. रागाने दिलेत, मला दाखवायला. निम्म्यांनी अल्बम पुरता ऐकलाही नाही, मला माहितीये, ‘सगळी पाचही गाणी अप्रतिम’ असं लिहिलंय. आठ गाणी आहेत.

आमच्याकडे तपासायला येतात त्यांतले काही असेच. शिटी ऐकू आली की बटण दाबा म्हणावं, तर न ऐकताच दाबत सुटतात. बहिरे ठरू या भीतीने.

गौ.दा.चा फोन. “ताई, तेवढे चाराचे पाच करून टाका. बाईंना बरं वाटेल, आयोजकांना पण सांगता येईल. प्रेमापोटी म्हणून.”

“दादा, तुम्ही चौथं गाणं ऐकलंत?”

म्हणाले, “ऐकलं. पेटी जरा मोठी झालीये.”

म्हणजे त्यांनाही माहितीये! सदतीसातल्या अजून किती जणांना माहीत असेल?

चार तसेच ठेवले. एकीने ग्रुपवर मला ‘पप्पांची लाडकी, बाईंची वैरीण’ म्हटलं; पप्पांच्या कॅसेटची गोष्ट मीच तिथे सांगितलेली. लागलं. पप्पांचं नाव कशाला मध्ये.

मंगळ., २५

दुपारी बाईंनी स्वतः मेसेज पाठवला. बोललेला. मी तपासणीच्या खोलीत गेले, दार लावलं.

पेटी नाही, काही नाही. नुसती चौथ्या गाण्याची ती एक ओळ. ‘उजेड’वर चढल्या. विरला. थांबल्या. खोकल्या. परत घेतली. परत तिथेच. मग बोलण्याच्या आवाजात, “आता सांग.”

एवढ्या माणसांनी पाच पाच दिले त्यांना, आणि त्या माझ्याकडे विचारतायत. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. बाहेर पेशंट दार वाजवत होते.

उत्तर चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी गेलं ते एवढंच: “बाई, आवाज बसलाय. या वेळी दुसरा अर्थ नाही. कार्यक्रमाची वाट नका बघू, या.”

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

बुध., २६

उत्तर नाही. गौ.दा.ना सांगितलं. ते म्हणाले, “काय केलंत हे,” आणि नंतर, “बरं केलंत.” दोन्ही एकाच दमात.

गुरु., २७

नाही.

शुक्र., २८

वही घरी. हे दवाखान्यातच लिहितेय, कोऱ्या केसपेपरच्या मागे. घरी गेल्यावर चिकटवेन.

साडेअकराला मान वर केली तर काउंटरसमोर बाई. मागे माया, माझ्याकडे न बघता. वेळ घेतलेली नव्हती. मी नाव विचारलं, सवयीने, आणि स्वतःचीच लाज वाटली.

“लिही,” बाई म्हणाल्या. “शेवंता. वय अडुसष्ट. त्रास काय, ते तू आधीच लिहिलंयस.”

माया हसली. किंचित. मग तोंड वळवलं.

रांगेतल्या एका बाईंनी ओळखलं, पाया पडायला वाकल्या. शेवंताबाईंनी त्यांना वरच्यावर धरलं. मी सरांकडे जाऊन सांगितलं, सर, त्याच त्या. सर एवढंच म्हणाले, “पाठवा.”

आत जाताना बाई माझ्याजवळ थांबल्या. “परवा टिटवाळ्याला गायचं की नाही, ते हे सांगतील. गाणं कसं झालं ते तू सांगायचंस. उगाच पाच देऊ नकोस.”

दार लागून दहा मिनिटं झाली. माया बाकावर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसलीये. तिच्यासमोर मी पाणी ठेवलं, तिने घेतलं.

ते दार पातळ आहे. घशात दुर्बीण घातली की सर पेशंटला ‘ई’ म्हणायला लावतात. बाईंनी म्हटलं. ‘ईऽ’. साधं नाही म्हटलं, सुरात लावलं, आणि चढवत नेलं. रांग गप्प झाली. त्या ‘उजेड’च्याच जागेवर जाऊन आवाज विरला.

मायाने माझ्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदा.

आतून सरांचा आवाज आला, “छान. वन्स मोअर.”

बाई श्वास घेतायत.