कढणाचं पीठ

२९ ऑक्टोबर १९५६

हे गेले! सौंसरहून सकाळच्या मोटारीनं पांढुर्णा, तिथून रेल्वेनं भोपाळ. नागपूरचं सचिवालय मोडलं, कारकुनांसकट तिकडे चाललं. नागपुरात होते तेव्हा दर शनिवारी घरी तरी यायचे. आता दिवाळीलाही थांबता आलं नाही – एक तारखेला हजर पाहिजे म्हणे.

दोन दिवस मी जात्यावरच होते. मूग, तुरीची चुरी, थोडी जवारी, सगळं खरपूस भाजून. त्यात वाळवलेला पालक, टमाटर, लसूण, जिरं, मीठ. मूठभर पीठ पाण्यात कालवून उकळलं की कढण तयार. परगावी माणूस उपाशी राहत नाही. सासूबाईंनी डब्याला स्वतः फडकं बांधलं. "माह्या मुकुंदाले खानावळीचं सोसत नाही. सगळंच भर. आपल्याले काय, मंग दळू."

भरलं सगळं.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. भाऊबीजेला नरखेडहून दादा आला. नरखेड आता मुंबई राज्यात, सौंसर मध्यप्रदेशात! "विजू, तू तर परराज्यातली झाली," म्हणून हसला. मला हसू आलं नाही.

२ डिसेंबर

यांचं कार्ड. पगाराचे कागद नागपूर-भोपाळच्या मधे कुठंतरी अडकले, कोणालाच पगार नाही. 'थोडं भागवून घे. कढण छान होतं. आणखी पाठव.'

नवं पीठ दळलं. मूग कमी, जवारी जास्त.

९ डिसेंबर

सकाळी पातळ कढण, त्यात भाकरी कुस्करून. संध्याकाळी त्यातच कण्या शिजवल्या. उद्या घट्ट रटरटवून झुणक्यासारखं करीन. आज रजनी म्हणाली, "आई, तू नाव बदलते, पण असते तेच." नऊ वर्षांची पोर! रागावले तिला. मग तिच्यासमोर बसवेना, अंगणात गेले.

२१ डिसेंबर

कढण.

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

शेजारच्या वच्छलाबाईंनी तिळगूळ दिला, वर चार संत्री. धाकट्या उषानं एक सालासकट खाल्लं. न्हाऊ घालताना तिच्या फासळ्या हाताला लागतात.

सासूबाई अर्धी वाटी घेऊन उठतात. "मले भूकच नाही." रोजच कशी भूक नसते? विचारायची हिंमत होत नाही. ऐकून कोणाच्या वाटीतलं देणार मी?

अर्धं पीठ भोपाळला पाठवलं. मी थोडं कमी बांधत होते, तर ओरडल्या – "हात आखडू नको! तो एकटा हाय तिकडे."

३ फेब्रुवारी

पत्र नाही. उषाला ताप. डॉक्टर म्हणाले, दूध द्या, फळं द्या. मी मान हलवली. घरी येऊन कढण फडक्यातून गाळलं नि चमच्यानं पाजलं. तिनं तोंड फिरवलं.

चूल पेटवते, विझवते. पुन्हा पेटवते. लिहायला दुसरं काही नाही.

१९ फेब्रुवारी

ताप उतरला. पण पोर उभी राहत नाही. दोन पावलं टाकली की बसते.

२४ फेब्रुवारी

श्रीकांत भावजी आले होते. लोधीखेड्याचे, भोपाळात यांच्याच कचेरीत आहेत. बहिणीच्या लग्नाला आले, म्हणून इकडे डोकावले. मी पाणी दिलं नि विचारलं,

"पगाराचं काही झालं का हो?"

"कोणत्या पगाराचं?"

"अडकला होता ना तुमचा सगळ्यांचा..."

ते उषाकडे पाहून राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आमचा पगार एक दिवस अडकला नाही. मुकुंदाचाही नाही. त्याचं बिऱ्हाड आहे तिथं."

"बाई मराठी आहे का?" – हे मी काऊन विचारलं? काय फरक पडत होता?

"हो. नागपूरचीच. आम्ही सगळे एकाच गाडीनं गेलो... मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

म्हणजे डबा भरला तो दोघांसाठी! आणि माझी पोर इथं वाळली.

सासूबाई कोपऱ्यात मूग निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. श्रीकांत भावजी गेले तरी मान वर केली नाही. संध्याकाळचं कढण त्यांनीच वाढलं.

२ मार्च

दादाला लिहायला बसले. काय लिहू? फाडलं. दोन पोरी नि म्हातारी घेऊन त्याच्या दारात तरी किती दिवस?

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. मुलगा तो त्यांचा. उद्या त्याच्याकडे जातील, त्यांना कोण अडवणार? मग मी एकटीच.

१५ मार्च, होळी

हे आले. आत्ता, दुपारी. नवी चप्पल, हातात मिठाईचा पुडा. दारातूनच म्हणाले, "आई, तुले न्यायला आलो. कपडे भर."

सासूबाई उठल्या, दाराशी गेल्या, यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, "कोणाची आई?" आणि दार लावलं. आतून कडी.

मग दाराला पाठ लावून खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा हात धरला, अजून सोडला नाही. डावा त्यांच्या मुठीत घट्ट आहे, उजव्यानं लिहून राहिले.

बाहेर चप्पल वाजली नाही अजून.