पुलावरचा निळा दिवा

मोंरिव्ह, १२ जानेवारी

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद. फोनवर आपण भांडतो, म्हणून पत्र. फेब्रुवारीच्या सुट्टीत कापुसीनला आणणार नाही म्हणालीस. गेल्या वर्षी इथल्या धुरानं तिचा दमा उसळला, हे मी विसरलेले नाही. पण सात वर्षांच्या नातीनं आजीला फोटोतच बघायचं का?

सोन नदीवरचं धुकं गावावर झाकणासारखं बसतं आणि त्याखाली आम्हा सगळ्यांच्या लाकडांचा धूर. म्हणून मी बैठकीतली शेगडी विझवली. हो, तुझ्या बाबांची लाडकी. आता विजेचा हीटर, दोन स्वेटर आणि कांद्याचं सूप. शेजारच्या बार्बिएंनाही बजावलं, बागेतला पाला जाळायचा नाही. ते म्हणाले, माझे आजोबाही इथंच जाळायचे. मी म्हटलं, म्हणूनच खोकत गेले बिचारे.

नगरपालिकेनं पुलावर हवेचा दिवा लावलाय. हवा किती स्वच्छ, त्याप्रमाणे रोज रंग बदलतो. मी कळवत जाईन.

माया आहेच, थंडीत जरा जास्त पाठव.
तुझी आई, सोलांज

ला रोशेल, १८ जानेवारी

ती. आईस,
सा. न. शेगडी विझवलीस? बाबा गेले त्या हिवाळ्यातही ती विझली नव्हती. पत्र दोनदा वाचलं.

ठरलं तर. सुट्टीआधी सलग पाच दिवस दिवा चांगला रंग दाखवू दे, आम्ही येतो. मात्र खोटं लिहू नकोस. पत्त्यांत तू लबाडी करतेस, हे तुझ्या नातीनंच सांगितलंय.

राग नसावा, लोभ असावा.
तुझी नोएमी

मोंरिव्ह, ९ फेब्रुवारी

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद. हरले गं. आधी पिवळा होता, मग हिरवा झाला. मी आनंदानं क्रेप केले, आठ खाल्ले. आणि आता गेले पाच दिवस निळा! हिरवा लिहायचा मोह झाला, पण खोटं लिहू नकोस म्हणाली होतीस.

निळ्याचा अर्थ कुणाला विचारायचा? जिवाचा थरकाप उडाला की आपल्या फ्रेंचमध्ये 'निळी भीती'च म्हणतात. आणि गेल्या वर्षी दवाखान्यात नेताना पोरीचे ओठ कसे झाले होते, ते मी पाहिलंय.

नवल म्हणजे पलीकडच्या काठावरच्या गायी मला मोजता येतात. पण दिव्यापुढे म्हातारीच्या डोळ्यांचं काय चालणार! बार्बिएंना लबाड म्हणाले, चोरून जाळता म्हणून. त्यांनी शपथ घेतली आणि धाडकन दार लावलं.

रविवारी शेगडी पेटवीन म्हणते. आता कुणासाठी कुडकुडायचं?

तुमची माया तशीच राहू दे.
आई

ला रोशेल, १२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. शेगडीला हात लावू नकोस! फोन उचलत नाहीस. रुसून कपाटात ठेवला असशील. निळा सगळ्यात चांगला, आई. हिरवा मध्यम, पिवळा बिघडलेला, लाल वाईट. खांबावर लिहिलेलं असेल, चष्मा लावून बघ. पाच दिवस तो दिवा आम्हाला या, या म्हणत होता आणि तुला ठाऊकच नव्हतं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं पोहोचतो. कापुसीननं बॅग भरलीसुद्धा; तीत नुसते पत्ते आहेत.

बार्बिएंची माफी माग. बाकी प्रेम भेटीत.
नोएमी

मोंरिव्ह, २४ फेब्रुवारी

चि. नोएमीस,
अनेक आशीर्वाद. तुम्ही गेलात आणि घर ऐसपैस झालं. मला नको होतं.

सफरचंदाचा टार्ट घेऊन बार्बिएंकडे गेले. ते म्हणाले, लबाड म्हणालात त्याचं काही नाही, पण आजोबा खोकून नाही, चेरीच्या झाडावरून पडून गेले. मग अर्धा टार्ट एकट्यानं संपवला.

एक सांगायचं राहिलं. निघायच्या दिवशी तू तिकिटं शोधत होतीस, तेव्हा कापुसीन पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली आणि परत आली. दिव्याखाली उभी राहिली, गाल फुगवले आणि वाढदिवसाची मेणबत्ती विझवावी तशी त्याला जोरात फुंकर मारली. दिवा काही विझला नाही. पण एवढं धावूनही, नोएमी, तिच्याजवळ फुंकरीपुरता श्वास उरला होता.

असाच लोभ ठेवा, आणि पुन्हा या.
आई