कोरड्या कोळशाच्या अटीवर

मी, लहू धोंडू कासले, वय पंचवीस, धंदा कोळशाची वखार, राहणार परळ, डोकं ठिकाणावर ठेवून, कुणाच्या दबावाखाली न येता, हे माझं मृत्युपत्र करतो. दिवाळीपासून टाळत होतो. कारण एकच: माझ्यामागे वखारीच्या वजनकाट्यावर कोण बसणार, ते नाव सापडत नव्हतं. अजूनही सापडलेलं नाही. पण उद्या मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून कौन्सिल हॉलवर मोर्चा आहे, मी पुढच्या रांगेत असणार, म्हणून आज बसलो.

१. वखारीतला माझा अर्धा हिस्सा बुधाजीमामांकडून आला. तेव्हा मी हुबळीला तंबूतल्या सिनेमात दारावर तिकिटं फाडत होतो. काय दिवस होते! ते असो. दुसरा अर्धा हिस्सा भागीदार जगदीशचा. त्याने गिरगावात धंदा चालवण्याचा वर्ग केला, त्यात नीतीचाही तास होता. सर्टिफिकेट भिंतीवर टांगलंय आणि खाली उभा राहून कोळशावर पाणी मारतो. वजन वाढतं. विचारलं तर म्हणे, "धूळ बसवायला रे!" मग तोलून झाल्यावर मार ना बाबा! माझा हिस्सा त्याला विकायचा नाही, द्यायचा नाही, तो रडला तरी नाही.

२. वखारीत नवा माणूस ठेवला, की पहिल्या दिवशी त्याने वरच्या मजल्यावरच्या कमळाबाईंकडे ओल्या कोळशाची शेगडी पेटवायची. त्यांच्या भाकऱ्या होईपर्यंत उठायचं नाही. आमच्याकडे नीती अशी शिकवतात. कोंडीराम हमाल बसला, मी बसलो. जगदीश म्हणाला, "मालक काय धुरात बसतो?" हे वाक्य उद्या कोर्टातही मोठ्याने वाचावं.

३. ट्रंक आणि घोंगडी बहीण गुणवंतीला. बाजाची पेटी कोंडीरामला. चाळीत वाजवू नये, एवढीच विनंती.

४. माझा हिस्सा ............... यांना. अट: आधी तोल, मग पाणी. नाव न मिळाल्यास वखारीला कुलूप लागलं तरी चालेल, पण माझ्या नावावर ओला कोळसा विकला जाणार नाही.

सही: लहू धोंडू कासले
साक्षीदार: कोंडीराम सावजी पडवळ (सही)
कमळाबाई रामजी घाग (अंगठा)
परळ, मुंबई, ता. २० नोव्हेंबर १९५५

साक्षीदारांसमोर वाढवलेला मजकूर: आत्ता दारात जगदीशची बायको कौसल्या येऊन उभी आहे.

"लहूभाऊजी, नाव मिळेना म्हणे तुम्हाला? माझं घाला."

कमळाबाई म्हणाल्या, "अगो, नवऱ्याला कळलं तर?"

"त्यांना सांगूनच आलेय, आता आधी तोल, मग पाणी. पुरं नाव लिहा, भाऊजी. कौसल्या जगदीश परब."