अंब्रुशच्या डाव्या हातातला फुगा

पोरोस्लो, १४ मार्च २००४

ती. दादास,
एतीचा शि. सा. न., आणि सोबत थोडा रागही.

परवाच फोनवर बोललो आणि लगेच पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि अंब्रुशची खाटही आता तिथेच आहे. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा आणि उजवी बाजू गेली, कान नाही गेले. तू एगरच्या त्या विसावा केंद्राचं सांगत होतास, मी नुसतं हं हं करत होते, तरी माझ्या चेहऱ्यावरून त्याने ओळखलं. दुपारी सूपला तोंड लावलं नाही. म्हणून त्याच्याबद्दल जे काही असेल ते यापुढे पत्रातच लिही.

आणि खरं सांगायचं तर ते केंद्राचं लिहूही नकोस. थोडे दिवस तिथे ठेव, तुला विश्रांती मिळेल, असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. पण ज्याला आता एकच शब्द बोलता येतो त्या माझ्या नवऱ्याला मी उचलून परक्यांच्या हाती देऊ? टाकून दिलं असंच वाटेल त्याला. तो एक शब्द म्हणजे 'बरं'. मीठ कमी पडलं, बरं. पाय दुखतो, बरं. खिडकी लाव, बरं. कुठलं बरं कशाचं, ते ओळखत मी दिवस काढते.

तुझ्याकडे एक काम आहे. झटका यायच्या आधी त्याने तो छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता, आठवतं? तो दुर्बिणीच्या मागे लावून तळ्यावरचे पक्षी टिपायचे, असं त्याच्या मनात होतं. परवा त्याने खूण करून दुर्बीण मागितली. तिपाईवर लावून दिली. डाव्या हाताने कॅमेरा दुर्बिणीच्या डोळ्याशी धरून बघितला, पण तो हात थरथरतो, कॅमेरा घसरतो. शेवटी त्याने कॅमेरा पांघरुणावर आपटला आणि डोळे मिटून घेतले. आयुष्यभर तू रेल्वेच्या कारखान्यात लेथवर काढलंस. कॅमेरा दुर्बिणीला घट्ट बसेल असं काही करता येईल का? मापं सोबत लिहिली आहेत.

गुडघा कसा आहे ते लिही. माझ्यावर रागावू नकोस, मी रागावले तरी.
तुझी,
एती

शोप्रोन, १९ एप्रिल २००४

चि. एतीस,
गाश्पारदादाचे अनेक आशीर्वाद. अंब्रुशलाही सांग, पण त्याला आशीर्वाद म्हणू नकोस, तो माझ्याहून दोन महिन्यांनीच लहान आहे.

तुझी मापं बघून मी कपाळावर हात मारला. शिवणाच्या टेपने दुर्बीण मोजणारी बाई सगळ्या हंगेरीत तू एकटीच असशील. त्या मापांनी केलेली पहिली नळी इतकी सैल झाली की आता तिच्यात मी पेन्सिली ठेवतो. मग त्या जातीची दुर्बीण इथल्या एका पक्षीवेड्या मास्तरांकडे सापडली. तिच्यावर माप घेऊन दुसरी केली.

नळी अॅल्युमिनियमची आहे. आतून चमकली तर फोटोवर डाग पडतो, म्हणून शाळेच्या फळ्याचा काळा रंग लावलाय. रुंद तोंड दुर्बिणीच्या डोळ्यावर सरकव, अरुंद तोंडाला कॅमेऱ्याचं भिंग. बाजूचा स्क्रू बोटांनीच आवळ. पकड लावलीस तर काच फुटेल आणि दोष मला देशील.

ओळखीच्या एकाच्या गॅरेजमध्ये लेथ आहे, तिथे जातो. गुडघा जास्त वेळ उभं राहू देत नाही. शस्त्रक्रियेची तारीख पुन्हा पुढे ढकलली. ईस्टरच्या सोमवारी रिवाजाप्रमाणे शेजारच्या मार्गितबाईंवर अत्तर शिंपडायला जिना चढलो आणि उतरताना त्यांनाच माझा हात धरावा लागला. हसून घे.

केंद्राचं लिहू नकोस म्हणालीस, नाही लिहीत. पण तुझं अक्षर खाली खाली उतरत जातंय, ओळी कागदाच्या कोपऱ्यात घसरतात. एवढंच म्हणतो आणि थांबतो.
तुझा,
दादा

पोरोस्लो, १० मे २००४

ती. दादास सा. न.

नळी अगदी बेतशीर बसली. पहिल्या दिवशी फोटोत मधे तळं आणि भोवती काळं कडं, जणू किल्लीच्या भोकातून बघतोय. अंब्रुशने कॅमेऱ्याचं भिंग थोडं पुढे ओढलं आणि कडं गेलं. त्याला बरोबर ठाऊक होतं. किती दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जुना अंब्रुश दिसला.

पण खरी अडचण पुढेच आहे. बटण उजव्या बाजूला. डावा हात आडवा नेऊन तो दाबायला गेला की दुर्बीण हलते, आणि इतक्या लांबचं बघताना जरा हललं तरी सगळा फोटो धुरकट होतो. मग ठरलं की तो बघणार आणि मी बटण दाबणार. तळ्याच्या बांधावर त्याची चाकांची खुर्ची चढवायला शेजारच्या दोघांना बोलवावं लागतं. काल चढवली. लव्हाळ्याच्या कडेला चमच्या उतरला होता, तो चपट्या चोचीचा पक्षी, पांढराशुभ्र. अंब्रुश म्हणाला, बरं. आता हे बरं म्हणजे दाब की थांब? मी थांबले. चमच्या उडाला. त्याने माझा हात झटकला, जोरात नाही, पण झटकला.

मी त्याला म्हटलं की मी तुझे पाय झाले, जीभ झाले, आता तुझं बोटही मीच व्हायचं का. बोलून गेले आणि मग दिवसभर स्वतःलाच खात बसले. रात्री कुशीवर वळवताना त्याने माझ्या दंडाला नुसता गाल लावला. मला त्याचंही काही वाटलं नाही, दादा. फक्त आडवं पडावंसं वाटत होतं. असं कसं झालं माझं?

नळी तू मनापासून केलीस, आणि मी तक्रारीच लिहितेय. विसरून जा.
तुझी,
एती

शोप्रोन, २ जून २००४

चि. एतीस अ. आ.

अंब्रुशला बोट हवंय ना, मग ते त्याचं स्वतःचंच असलं पाहिजे. म्हणून हे पार्सल.

यात काय आहे ते सांगतो, म्हणजे बघून घाबरणार नाहीस. कॅमेऱ्यावर बसणारी एक कमान आहे. तिच्यात इंजेक्शनची छोटी सिरिंज उलटी बसवली आहे, तिचा दट्ट्या बरोबर बटणावर येतो. सिरिंजला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला फुगा. फुगा दाबला की हवा जाते, दट्ट्या उतरतो, फोटो निघतो. फुगा मांडीवर राहतो, दुर्बिणीला हात लागतच नाही. दुर्बीण फिरवायला बर्फावर घसरताना धरतात त्या काठीचा लांब दांडा लावलाय, तोही डावीकडे. फिरवायचं, हात सोडायचा, सगळं स्थिर होऊ द्यायचं आणि मग फुगा.

एक गोष्ट त्याला नीट सांग. या कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की तो आधी नजर लावतो, पूर्ण दाबल्यावर फोटो घेतो. एकदम दाबलं तर सगळं धुरकट. म्हणून रबरी नळीत मी एक बारीक भोकाची चकती घातली आहे, हवा हळूहळू जाते. फुगाही हळूच दाबायला हवा. घाईने काही मिळणार नाही.

फुगा रोझाच्या रक्तदाबाच्या यंत्राचा आहे. तुझी वहिनी गेल्यापासून कपाटात पडून होता. तिच्या शेवटच्या वर्षी मी रोज सकाळी तो दाबायचो. आता दुसऱ्या कोणी दाबावा.

जेवतेस ना? नुसत्या पाव-चरबीवर राहू नकोस.
तुझा,
दादा

पोरोस्लो, २७ जून २००४

ती. दादास कृ. सा. न.

तुझ्या त्या यंत्राने इथे कमाल केली. पहिले दोन दिवस सगळं धुरकट. मी सांगून दमले की हळू, हळू. तिसऱ्या दिवशी जांभळा बगळा मिळाला, मानेवरच्या रेघा मोजता येतील असा. अंब्रुश फुगा हातात धरूनच घरी आला, जेवतानाही सोडेना. मी चमच्याने सूप भरवतेय आणि हा आपला फुसफुस करतोय.

आता रोज सकाळी बांधावर जातो. शेजारचे येतात, खुर्ची वर ठेवतात, दुपारी पुन्हा खाली आणतात. मधला सगळा वेळ त्याला मी लागत नाही. पहिल्या दिवशी मला कळेचना काय करावं. त्याच्यामागे नुसती उभी होते. त्याने हाताने खूण केली, जा. मग बांधाखालच्या हातपंपाच्या नळावर फडकी धुतली, होड्यांच्या धक्क्यापर्यंत चालत गेले, गवतावर बसले. थोडी आडवीही होते. त्याला मान वळवून बघता येत नाही, त्यामुळे बरं वाटतं. काही तोंडावर आणावं लागत नाही.

त्याने कॅमेऱ्यातलं ते कार्ड काढलंय, फोटो कागदावर हवेत म्हणे. म्हणे म्हणजे, त्याने कार्ड पाकिटात घातलं आणि पाकिटावरच्या तुझ्या नावावर बोट ठेवलं. मला बघू दिलं नाही. नाहीतरी त्या इवल्याशा पडद्यावर चष्म्याशिवाय मला काय दिसणार. तूच छापून पाठव, खर्च मी देईन, आणि नको म्हणू नकोस.

चेरी उतरल्यात. पाठवता आल्या असत्या तर.
तुझी,
एती

शोप्रोन, ११ जुलै २००४

चि. एतीस अ. आ.

फोटो सोबत आहेत. आधी पत्र वाच, मग पाकीट उघड.

वर पक्षी आहेत. बगळे, पाणकावळे, आणि एक चमच्या इतका स्वच्छ की चोचीवरचं पाणी दिसतं. ते बघून मी एकटाच स्वयंपाकघरात उभा राहून हसलो. त्यांच्याखाली तू आहेस.

आधी वाटलं, दांडा निसटून दुर्बीण फिरली असेल. पण एखादा फोटो असा चुकून निघतो. तुझे सतरा आहेत. वेगवेगळ्या दिवसांचे, तुझी ओढणी वेगळी आहे. त्याला मान वळवता येत नाही, हे खरं. दुर्बीण वळवता येते, तेवढं आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

एकात तू गवतात झोपली आहेस, तोंड उघडं, एक बूट पायात आणि एक बाजूला. एकात धक्क्यावर बसून हातांकडे बघतेयस. एकात नळाशी उभी आहेस, दोन्ही हात पंपाच्या दांड्यावर, कपाळ हातांवर टेकलेलं, बादली रिकामी. तसेच लागोपाठ चार फोटो आहेत. चारही फोटोंत तू हललेली नाहीस.

फुगा हळू दाबावा लागतो, नाहीतर कॅमेरा नजर लावत नाही, हे मीच लिहिलं होतं. एती, या सतरांतला एकही धुरकट नाही.

मला काय वाटतं ते तुला माहीत आहे, आणि ते लिहायचं नाही असं मी कबूल केलंय. म्हणून लिहीत नाही. पण कार्ड माझ्याकडे कोणी पाठवलं, तेवढं लक्षात घे.

जर्दाळूचा मुरंबा करायच्या भानगडीत यंदा पडू नकोस. मी विकतचा खाईन.
तुझा,
दादा

पोरोस्लो, १५ ऑगस्ट २००४

ती. दादास एतीचा सा. न.

उत्तराला उशीर झाला. कारण खाली येईलच.

फोटो बघून आधी संतापले. आपण लपून रडावं आणि कोणी दुर्बीण रोखून बसलेलं असावं, यासारखी लाज नाही. सगळे सतरा त्याच्यापुढे टेबलावर मांडले आणि म्हटलं, हे केव्हापासून चाललंय. तो म्हणाला, बरं. मी म्हटलं, काही बरं नाही. मग त्याने नळावरचा फोटो बोटाने माझ्याकडे सरकवला आणि माझ्याकडे बघत राहिला. मीही फोटोकडे बघितलं. दादा, मी ती बाई ओळखलीच नाही. शेवटच्या वर्षी आई अशी दिसायची.

तो खुर्ची ढकलत न्हाणीघराकडे निघाला. एका हाताने ढकलली की ती गोल फिरते, म्हणून एक पाय जमिनीला रेटत, दाराला दोनदा आपटत गेला. परत आला तेव्हा मांडीवर दाढीचं सामान होतं. वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी. त्याने ते सगळं माझ्यापुढे ठेवलं आणि कपाटावरच्या प्रवासी बॅगेकडे बोट केलं. रोज सकाळी मीच त्याची दाढी करते. दुसऱ्या कोणाकडून करून घेईन, असं तो सांगत होता.

मी नको म्हणाले. तो बोट तसंच धरून बसला. हात अवघडला तरी खाली घेईना. मग मी स्टुलावर चढून बॅग काढली. बॅग भरताना दोघंही रडलो, आणि मधेच त्याने मी चुकीचा सदरा घातला म्हणून तो बाहेर काढला.

केंद्रात तीन आठवडे ठेवलंय. खिडकीतून बाग दिसते, चिमण्यांखेरीज फारसं काही येत नाही. पहिल्या रविवारी गेले तर दाढी वाईट केलेली, हनुवटीवर कापलेलं. मला वाटलं, आत्ताच घरी न्यावं. पण सोबत दिलेल्या दुर्बिणीभोवती चार म्हातारे जमलेले आणि अंब्रुश एकेकाला फुगा दाबू देत होता. घाई करणाऱ्याच्या हातावर टपली मारत होता. जाताना त्याने माझा हात धरून ठेवला, सुटेना इतका. मग स्वतःच सोडला.

तो परत आला की पुन्हा हेच सगळं आहे, हे मला ठाऊक आहे. पाठ दुखणार आहे, रात्री उठणं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, वर्षातून दोनदा असं नेता येईल. मी अजून हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

त्याला सोडून आले त्या रात्री घर इतकं शांत होतं की मी दिवा लावूनच पडले. सकाळी जाग आली तर उन्हं पार पलंगावर आलेली. त्याला वळवायचं राहिलं म्हणून धडपडत उठले, बैठकीच्या दारापर्यंत गेले. खाट रिकामी. तिथे दाराला धरून बराच वेळ उभी राहिले आणि फार शरम वाटली. मग परत येऊन पुन्हा झोपले.

गुडघ्याची तारीख ठरली की कळव. मी येईन. लोभ आहेच, तो मागायचा काय.
तुझी,
एती