पेटा कुणाच्या पानात

मसाका,
मंगळवार, दुपारची पंगत उठल्यावर

थोरल्या कालुलेदादाला धाकट्या नाबोसाचा गुडघे टेकून नमस्कार. (टेकले असं समज. डावा वाकत नाही.)

रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, वहिनीची कंबर कशी आहे, बेटावर मासळी लागतेय का, हे सगळं मी विचारलं असं तू धर, आणि सगळं बरं आहे असं तू सांगितलंस हे मी धरते. तुझा फोन सरोवरात पडला, म्हणून मला हे लिहीत बसावं लागतंय. मी बरी नाही. माझी नोकरी जायला आलीय. आणि कशापायी, तर कोंबडीच्या पेट्यापायी! कलेजीशेजारचा तो सुपारीएवढा चिवट गोळा, धड दातांखाली तुटत नाही, पण बाईचं पोट मात्र तोडतो.

रविवारी आमच्या खानावळीत लुब्वामा नावाच्या माणसाचं कुटुंब जेवायला आलं. मुलाचं लग्न जमवायचं, मुलीच्या दारात काय बोलायचं त्याची तयारी करायची, म्हणून सोबत भाड्याचा बोलका माणूस आणलेला. (बाप कितीही बडबड्या असला तरी त्या दारात त्यानं गप्पच बसायचं, ही आपली रीत. कुणी काढली कोण जाणे, पण बोलक्यांची घरं चालतात.) पण हे मला चुलीपाशी कोण येऊन सांगणार? मी केळीच्या पानात वाफवलेली कोंबडी घेऊन बाहेर आले, तर मधल्या खुर्चीत एक दांडगा म्हातारा. पांढराशुभ्र पायघोळ कांझू, वर कोट, हातात काठी, सगळ्यांना शिकवतोय. शेजारी नटलेली बाई. आणि पार टोकाला एक वाळका, टोपीवाला, गाडीची किल्ली बोटावर फिरवत. पेटा जायचा घरधन्याच्या पानात. आता तूच सांग, यात घरधनी कोण? आंधळीनंसुद्धा सांगितलं असतं. मी पेटा कांझूवाल्याच्या पानात वाढला आणि किल्लीवाल्याला म्हटलं, “ड्रायव्हर लोकांचं बाहेर फणसाखाली वाढलंय, जा, गार होईल.”

तो गेलासुद्धा! तो लुब्वामा होता. घरधनी तो, नवरा तो, आणि बाहेर झाडाखाली गपगुमान मान नि पाठीची हाडं चोखत बसला. (असला यजमान असतो का? एकदा खाकरला असता तरी माझी नोकरी वाचली असती.) कांझूवाला तो बोलका, किबिरिगे. जगाच्या रीतीभाती तोंडपाठ, पण पेटा घरधन्याचा असतो हे नेमकं विसरला आणि डोळे मिटून चावत बसला. लुब्वामाची बायको नामुसिसी ताडकन उभी राहिली. “अगं ए न्याबो, ए बाई, चारचौघांत माझा नवरा बदललास की गं!” मी म्हटलं, “बाई, तुमचा कुठला ते कपाळावर लिहून आणायचं होतं.” पलीकडचा एक लॉरीवाला म्हणाला, “राहू द्या हो ताई, बदलून भारीच मिळालाय.” सगळी खानावळ खदखदली. बोलला लॉरीवाला, तक्रार माझ्या नावावर.

मालकीण नालुयिमा मला म्हणाली, “त्यांच्याकडच्या लग्नाचं जेवण आपल्याला मिळणार होतं. त्या बाईचा राग गेला तर राहा, नाही तर शनिवारी तुझी भांडी तू उचल.” या वयात मला कोण ठेवणार, दादा? नव्या खानावळींना हसऱ्या मुली लागतात. मी माझ्या लग्नातही हसले नव्हते. (तेव्हा कारण होतं.) नवरा गेल्यापासून ही चूलच माझं घर, आणि तिथं बाकीच्या बायकांचं आत्ताच भांडण लागलंय, माझ्या पाटावर कुणी बसायचं म्हणून. मी अजून त्याच्यावर बसलेली असताना!

म्हणून काल मी शहाणपणा केला. पदरची कोंबडी कापली, कोवळ्या पानात पेटा बांधून वाफवला आणि टोपलीत घालून लुब्वामाच्या घरी घेऊन गेले. म्हटलं, याचा मान याला देऊन टाकावा, विषय संपवावा. नामुसिसी बाजारात गेलेली. तो एकटाच. मी उंबऱ्याशी गुडघे टेकले, म्हटलं, “घ्या सेबो, घ्या मालक, तुमचा राहिलेला.” बिचाऱ्यानं तिथंच उघडून खाल्ला, बोटंसुद्धा चाटली. (घरी मिळत असेल असं वाटत नाही.) आणि मी उठायला गेले तर गुडघा अडकला. तो मला काखेत हात घालून उचलतोय, मी त्याच्या गळ्यात पडलेय, आणि फाटकात नामुसिसी, मागे दोन शेजारणी.

पेटा नवऱ्याला द्यायचा तो बायकोनं; परक्या बाईनं आपल्या हातचा आणून द्यायचा म्हणजे काय, हे मी त्या टोपलीवर पान झाकतानाच ओळखायला हवं होतं. “काल बदललास, आज न्यायलाच आलीस होय गं सटवे!” असं ती ओरडत होती आणि तो तोंड पुसत होता. मी लंगडत खानावळीत पोचायच्या आधी दुसरी तक्रार पोचली. मालकीण आता नुसती माझ्या भांड्यांकडे बघते. मी दुसऱ्यांना वाढते, तेवढंच.

तुझी, सगळीकडून बुडालेली,
नाबोसा

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. तो किबिरिगे शुक्रवारच्या बोटीनं तुझ्याकडे येतोय. बायको वारलीय त्याची. बाईनं आपण होऊन पेटा वाढला म्हणजे तिच्या मनात आहे, असं त्यानं धरलंय, म्हणून मला मागायला येतोय. स्वतःच बोलणार आहे, बोलका आणणार नाही. त्याला हाकलू नकोस. हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस. नावाड्याबरोबर शनिवारचा निरोप पाठवते, तोवर वहिनीला चहावर चहा करायला सांग.

आणखी एक. नोकरी राहिली तर त्याला सांग, बहिणीला नवरा नको. गेली तर हो म्हणून टाक. काम तेच आहे, दादा. पगार नाही, पण तक्रार करणारं गिऱ्हाईक एकच.