जहागीरदारांच्या मोटारीतला गालिचा

१६ जानेवारी १९६१, मुरुम

आली एकदाची! महांतप्पाअण्णांनी जहागीरदारांची जुनी मोटार गुलबर्ग्याहून ट्रकवर घालून आणली. सदतीस सालची ऑस्टिन. अण्णा डाळीचे व्यापारी, हौस राजाची. लेकीच्या लग्नात जावई हिच्यातूनच आणायचा, आणि मोटार होती तश्शी दिसली पाहिजे म्हणे. इंजिनाचं काम सोलापूरच्या मिस्त्रीकडं. गाद्या, छत आणि पायाखालचा गालिचा माझ्याकडं. इतकी वर्षं टांग्यांच्या अन् सर्व्हिस मोटारींच्या गाद्या शिवल्या. आता हे! हात शिवशिवतायत.

माझी शाळा उर्दूत झाली, तरी ही वही मराठीतच. हसीना फक्त उर्दू वाचते. बायकोला सगळंच कळलं पाहिजे असं काही नाही.

१८ जानेवारी

गालिच्यावरून वाद. अण्णा म्हणतात, "जैनुभाई, लाल टाका की! फुलाफुलाचा. मांडवात कसा उठून दिसंल!" मी म्हटलं, अण्णा, तुम्हाला मोटार पाहिजे का मांडव? हसले, पण लाल काही डोक्यातून जात नाही. मुंबईहून नमुने आलेत. एक रबरी, एक चकचकीत धाग्याचा, एक काथ्याचा — तो दारात पाय पुसायला बरा. जहागीरदारांनी यातला एकही मोटारीत शिरू दिला नसता.

२० जानेवारी

मागच्या सीटपुढं, पाय ठेवायच्या जागी जुन्या गालिच्याचा तुकडा सापडला! हातभर लांब, उंदरांनी कुरतडलेला, वरून मातकट. पण दाराच्या पितळी पट्टीखाली बोटभर कडेला ऊन लागलेलंच नाही. तिथं खरा रंग. अस्सल लोकर, आखूड कातरलेली, काठाला चामड्याची पट्टी, खाली नमदा — दाबलेल्या लोकरीचं जाड अस्तर. रंग गडद हिरवा. विहिरीतल्या शेवाळाचा असतो तसा.

विहिरीशिवाय दुसरं काही आठवलं नाही का मला लिहायला!

२१ जानेवारी

मिस्त्रीनं आज इंजिन चालू केलं. हातातली सुई पडली माझ्या. तो हसला — "भ्याला का काय?"

भ्यालोच. लिहूनच टाकतो, बारा वर्षं लिहिलं नाही.

अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर. निजामाचं राज्य बुडत होतं. ज्याच्या हातात हत्यार, त्याची भीती. आई-बाप आधीच गेलेले. मी आणि माझी मोठी बहीण हमिदाआपा, दोघंच गाव सोडून चालत निघालो. रस्त्याकडेच्या विहिरीपाशी आपा दमून थांबली. तेवढ्यात मोटारीचा आवाज आला. मी ज्वारीत पळालो. एकटा! आपाला हाकसुद्धा मारली नाही — हाकेनं मी सापडलो असतो. मग गोळ्यांचे आवाज. दिवस कलल्यावर बाहेर आलो, तर विहिरीच्या कट्ट्यावर तिच्या चपला. नीट जोडून ठेवलेल्या. लोक म्हणाले, भीतीनं उडी घेतली असणार. त्या दिवसांत कितीतरी बायकांनी घेतली. पावसानं विहीर तुडुंब होती, तळ कोण बघणार? गावातलं घर जळालेलं. मी मुरुमला आलो आणि इथलाच झालो.

मोटारीचा आवाज ऐकला की अजून ज्वारीची पानं तोंडाला लागतात.

२३ जानेवारी

मोटारीत शिरलं की मागं कुणी तरी बसलंय असं वाटतं. आज दोनदा वळून पाहिलं.

२५ जानेवारी

एक कोडं आहे. अठ्ठेचाळीसला मोटार बंद पडून राहिली, तोवर अकरा वर्षं माणसं तिच्यात चढली-उतरली, आणि तुकड्यावर टाचेची एक खूण नाही! म्हणजे हा मूळचा नव्हेच, नंतर कुणी तरी घातलेला. मग हिरवा रंगही चुकीचा. अण्णा खूश — "मंग लालच!" मी म्हटलं, थांबा. जहागीरदारांचे ड्रायव्हर फकीरचाचा हुमनाबादला असतात. त्यांना बोलवा, ते सांगतील.

३० जानेवारी

चाचा आले. सत्तरीचे. मोटारीला आधी सलाम केला. तुकडा दिला तर डोळ्यांना लावला. "ह्योच. पयल्या दिसापास्नं ह्योच." अण्णा समोर होते म्हणून मराठीत बोलत होते. मी विचारलं, मग टाचेची खूण कशी नाही? तेव्हा मात्र आमच्या बोलीवर आले — "साब के गालिचे पे जूता? तौबा!"

चपला-बूट बाहेर काढल्याशिवाय चाचा कुणालाच चढू देत नसत. मग आपणहून सांगायला लागले.

"एकदाच लाज वाटली बगा. साहेबांना घिऊन पळत व्हतो. विहिरीपाशी एक बाई आडवी आली. मागं गोळ्या चालल्याल्या, अन् म्या सवयीनं वरडलो — चपला काढ! काढल्या बिचारीनं, कट्ट्यावर ठिवल्या, अन् बसली. 'माजा भाऊ ज्वारीत हाय, थांबा' म्हनून रडत व्हती. साहेब थांबलं न्हाईत."

पुढं मी काय विचारलं, कसं विचारलं, आठवत नाही. गुलबर्ग्याला दर्ग्याजवळ जहागीरदारांच्या आत्या राहतात, त्यांच्याकडं तिला स्वयंपाकाला ठेवली. नाव? म्हणाले, हमिदाबी.

ज्या मोटारीला भिऊन पळालो ती ही!

३१ जानेवारी

आज शबे बरात. हसीनानं हलवा केला. आमच्या घरी फातिह्यात, गेलेल्यांसाठीच्या दुव्यात, पहिलं नाव आपाचं असतं. मी म्हटलं, आपाचं नाव घेऊ नकोस. "क्यूं? क्या हुआ?" मी अंगणात जाऊन रडलो.

१ फेब्रुवारी

आत्यांच्या पत्त्यावर आपाला कार्ड टाकलं. खरं तर उठून जायला हवं होतं. धीर झाला नाही. 'मला टाकून का पळालास' म्हणाली तर?

६ फेब्रुवारी

हिरव्यावर शिक्कामोर्तब! चाचा येऊन गेल्यापासून अण्णा लालचं नावही काढत नाहीत. सोलापुरात तशीच लोकर मिळाली, जवळजवळ तोच रंग. नमदा कापून मागं अंथरला आणि डाव्या बाजूला हात ठेवून बसलो. आपा इथंच बसली असेल. अनवाणी.

११ फेब्रुवारी

गुलबर्ग्याहून कार्ड. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं.

'माझा भाऊ जैनू त्याच दिवशी मेला. मारेकऱ्यांनी माझ्याकडं वळू नये म्हणून तो ज्वारीत धावला, आणि गोळ्या मी माझ्या कानांनी ऐकल्या. त्याच्यामुळं मी जिवंत आहे. अशा माणसाच्या नावानं पत्र लिहिताना अल्लाला भ्या. — हमिदाबी.'

गुलबर्ग्याची पहिली गाडी सकाळी साडेसहाला. गेलो तर आपाला भाऊ मिळेल, आणि तिच्यासाठी ज्वारीत धावलेला तो भाऊ जाईल.